यंत्रांचे पारखी दादासाहेब फाळके

भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके यांचे नाव सर्वतोमुखी आहे. 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा पहिला मूकपट, घरातील दागिन्यांपर्यंत गेलेली आर्थिक ओढाताण आणि त्यांच्या नावाने दिला जाणारा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार या गोष्टी शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. त्यांच्या स्वभावाचा एक पैलू मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. फाळके हे यंत्रांचे विलक्षण पारखी होते. कोणते यंत्र घ्यावे, ते किती स्वच्छ काम देईल, किती काळ टिकेल आणि बिघडल्यास आपल्या हाताने दुरुस्त होईल काय, याचा विचार केल्याखेरीज त्यांनी पैसा खर्च केला नाही. या गुणामुळे त्यांना १९१३ मध्ये यश लाभले. पुढे अठरा वर्षांनी पडद्याला वाचा फुटली, तेव्हा मात्र हाच पारखी माणूस मागे पडला. त्यांच्या आयुष्याची ही दोन टोके नाशिक परिसराशी घट्ट बांधलेली आहेत.

त्र्यंबकेश्वर ते बडोदा

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकपासून सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि कुटुंब मुंबईस गेले. पौरोहित्याच्या परंपरेत वाढलेल्या धुंडिराजांचा ओढा लहानपणापासून चित्रकलेकडे होता. १८८५ मध्ये त्यांनी सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे थोरल्या बंधूंसमवेत ते बडोद्यास गेले आणि तेथील कलाभवनात दाखल झाले.

बडोद्याच्या कलाभवनाने फाळके यांना खऱ्या अर्थाने घडविले. सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखालील या संस्थेत चित्रकला आणि यंत्रविद्या या दोन्ही गोष्टी एका छताखाली शिकविल्या जात. प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी या होतकरू विद्यार्थ्यातील कौशल्य ओळखले आणि त्याला छायाचित्रणाची साधने मोकळेपणाने वापरू दिली. तैलरंग, जलरंग, छायाचित्रण, छपाईचे ठसे तयार करणे, अंधारखोलीतील रासायनिक प्रक्रिया असे एकेक शास्त्र फाळके आत्मसात करीत गेले. रतलामला जाऊन त्यांनी तीन रंगांच्या ठशांची विद्या शिकून घेतली.

त्यानंतरची काही वर्षे स्थैर्याची नव्हती. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि अपत्य दगावले. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, अशी समजूत लोकांत असल्याने धंदाही रोडावला. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणे, जादूचे प्रयोग करणे असे नाना उद्योग त्यांनी केले. जादूगार म्हणून त्यांनी आपल्याच आडनावाची अक्षरे उलटी करून प्रोफेसर केल्फा हे नाव घेतले होते. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नी सरस्वतीबाई पुढे त्यांच्या प्रत्येक यंत्राच्या जोडीदार ठरल्या. १९०३ मध्ये फाळके यांना पुरातत्त्व खात्यात आरेखक व छायाचित्रकार म्हणून नोकरी लागली. स्वदेशीच्या चळवळीत त्यांनी ती सोडली आणि लोणावळ्यास छापखाना काढला. हा छापखाना नंतर दादरला आला. रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी १९०९ मध्ये त्यांनी जर्मनी गाठली. यंत्र विकत घेण्यापूर्वी ते जेथे तयार होते तेथे जाऊन पाहावे, ही त्यांची सवय या प्रवासातही दिसते. भागीदारांशी मतभेद झाले आणि भरभराटीला आलेल्या या छापखान्यावर त्यांनी पाणी सोडले.

लंडनची खरेदी

मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून फाळके यांच्या मनात राम आणि कृष्ण पडद्यावर आणण्याची कल्पना आली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्यानंतर त्यांनी जे केले ते अधिक मननीय आहे. त्यांनी लगोलग भांडवलदार शोधला नाही. एक साधा कॅमेरा आणि काही रिळे मिळवून ते रात्रंदिवस प्रयोग करीत बसले. चित्रपटगृहात वारंवार जाऊन पडद्यावरची हालचाल कशी साधली जाते, याचा त्यांनी अभ्यास केला. जागरणांमुळे त्यांच्या डोळ्यांवर परिणाम झाला आणि काही काळ दृष्टी जाण्याची वेळ आली. उपचारांनंतर डोळे सुधारताच त्यांनी पुन्हा कामास सुरुवात केली.

आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १ फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांनी लंडनला प्रयाण केले. तेथे त्यांची कोणाशीही ओळख नव्हती. 'बायोस्कोप' या व्यावसायिक साप्ताहिकाचे ते वाचक होते, एवढाच धागा हाताशी होता. त्यांनी थेट त्या साप्ताहिकाचे कार्यालय गाठले आणि संपादक कॅबोर्न यांची भेट घेतली. इंग्लंडमध्येही चित्रपटाच्या धंद्यात अनेक जण बुडाले असल्याचे सांगून कॅबोर्न यांनी प्रारंभी त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. फाळके यांची तयारी पाहून त्यांचे मत पालटले. कोणता कॅमेरा घ्यावा, फिल्म कोणाकडून मागवावी, याबाबत त्यांनी मोलाचा सल्ला दिला. त्यांच्याच ओळखीने फाळके यांना सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओत प्रवेश मिळाला. तेथे चित्रीकरणापासून रासायनिक धुलाईपर्यंत सर्व कामे त्यांनी जवळून पाहिली.

पाहणी पुरी झाल्यावर त्यांनी पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. त्यासोबत फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र घेतले आणि कोडॅककडे कच्च्या फिल्मची मागणी नोंदविली. हा कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवायचा होता. विजेची गरज नव्हती आणि यंत्ररचना साधी असल्याने बिघाड झाल्यास दुरुस्तीही शक्य होती. भारतात त्या काळी अशा यंत्राचा सुटा भाग मिळणे अशक्यप्राय होते. मोडलेला एक भाग इंग्लंडहून बोटीने येईपर्यंत संपूर्ण काम ठप्प झाले असते. त्यामुळे साधे, दणकट आणि स्वतःला उलगडता येईल असे यंत्र निवडण्यात मोठे शहाणपण होते.

१ एप्रिल १९१२ रोजी फाळके मुंबईस परतले. यंत्रसामग्री मागाहून आली. खोके उघडून नकाशाबरहुकूम त्यांनी ती स्वतः जोडली. त्यानंतर लगेच मोठा पट सुरू न करता त्यांनी एक चाचणी घेतली. कुंडीत वाटाण्याचे बी पेरून त्याचे अंकुरणे सुमारे महिनाभर थोडेथोडे चित्रित केले आणि एखाद्या मिनिटात रोप वाढताना दाखविणारा छोटा पट तयार केला. या पटाने यंत्राची चाचणी झाली, त्याचबरोबर पैसा लावणाऱ्यांचा विश्वासही बसला. कच्च्या फिल्मच्या कडांना अंधारात छिद्रे पाडण्याचे किचकट काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतले. छिद्रांत किंचित जरी फरक पडला, तरी पडद्यावर चित्र थरथरते. त्यामुळे त्या काळच्या चित्राचा दर्जा त्यांच्या हातावर अवलंबून होता. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्याच पाहत.

'राजा हरिश्चंद्र' सुमारे सात महिन्यांत पूर्ण झाला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना ती भूमिका देण्यात आली. दत्तात्रेय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले, तर फाळके यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात सुमारे ३,७०० फूट लांबीचा हा पट लोकांसमोर आला आणि गाजला.

नाशिकचा कारखाना

पहिल्या यशानंतर फाळके यांनी आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलविला. गोदावरीचे घाट, मंदिरे, भोवतालचे डोंगर आणि भरपूर सूर्यप्रकाश यांमुळे पौराणिक पटांसाठी ही भूमी सोयीची होती. विजेच्या दिव्यांची वानवा असताना सूर्य हाच चित्रीकरणाचा मुख्य दिवा होता. 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' हे पट येथेच तयार झाले. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले. भारतीय पडद्यावरील पहिल्या स्त्री कलाकार म्हणून त्यांची नोंद आहे.

१९१४ मध्ये हे पट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तेथील जाणकारांनी त्यांच्या तंत्राचे कौतुक केले आणि इंग्लंडमध्येच राहून काम करण्याचे निमंत्रण दिले. ते त्यांनी नाकारले. त्यानंतर पहिले महायुद्ध सुरू झाले आणि पैशाचे सर्व स्रोत आटले. त्या संकटातून वाट काढीत १९१७ मध्ये त्यांनी 'लंकादहन' पूर्ण केला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या.

१ जानेवारी १९१८ रोजी भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. नाशिकला तिचा मोठा स्टुडिओ उभा राहिला. कलावंत, सुतार, रंगारी, धुलाई करणारे कारागीर अशी मोठी वसाहतच तेथे नांदत असे. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालिया मर्दन' या पटांत फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने बालकृष्णाची भूमिका केली. हे पट कसे बनतात, हे दाखविणारा एक माहितीपटही फाळके यांनी काढला होता. मात्र भागीदारांशी त्यांचे जमले नाही. १९१९ मध्ये कंपनी सोडून ते काशीस गेले आणि तेथे 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. १९२२ मध्ये ते परतले. पुढील काही वर्षे त्यांनी त्याच कंपनीत काम केले, परंतु पूर्वीचा जम पुन्हा बसला नाही.

पडदा बोलू लागला

मूकपटाच्या काळातही चित्रपटगृह निःशब्द नसे. पडद्यापाशी पेटी-तबलेवाले बसत. प्रसंग पाहून ते सूर बदलीत. चित्रपटगृहात आवाज माणसांचा होता आणि पडद्यावरील चित्र यंत्राचे होते. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि ही विभागणी संपुष्टात आली.

या बदलाने दादासाहेबांच्या साऱ्या हिशेबांची उलथापालथ केली. हाताने दांडा फिरविण्याचा कॅमेरा आता निरुपयोगी ठरला. बोलपटाला सेकंदाला नेमकी चोवीस चित्रे लागतात. हाताचा वेग किंचित कमी-जास्त झाला, की आवाजाची पट्टी घसरते. म्हणून कॅमेऱ्याला विजेची मोटर आली. मोटरचा आवाज माइकमध्ये शिरू नये यासाठी तो बंदिस्त करावा लागला. उघड्या घाटावर, वाऱ्यात आणि गर्दीत चित्रण करण्याची मुभा संपली. 'आलम आरा'चे चित्रीकरणही, स्टुडिओजवळून जाणाऱ्या आगगाड्यांच्या आवाजामुळे, बव्हंशी रात्री करावे लागले होते. नाशिकचा मोकळा प्रकाश ही मूकपटाची जमेची बाजू होती. बोलपटाला मात्र बंद आणि शांत खोली हवी होती.

चित्रपटगृहांनाही नवी साधने घ्यावी लागली. फिल्मच्या कडेला छापलेल्या ध्वनिपट्टीतून प्रकाशाचा किरण जातो, तो प्रकाशविद्युत घटावर पडतो, त्यातून मिळणारा क्षीण विद्युतप्रवाह अॅम्प्लिफायर वाढवितो आणि पडद्यामागच्या स्पीकरमधून शब्द बाहेर पडतात. हे स्पीकर चुंबकाच्या क्षेत्रात हलणारी तारेची गुंडाळी आणि तिला जोडलेला कागदी शंकू या तत्त्वावर चालत. या रचनेचा नमुना अमेरिकेत १९२५ मध्ये सिद्ध झाला होता. ही सारी सामग्री परदेशी आणि महागडी होती. एका माणसाने विमा गहाण ठेवून विकत घ्यावी आणि घरी जोडावी, अशी ती नव्हती. यंत्राचा पारखी असणे आता पुरेसे राहिले नव्हते. त्यासाठी मोठे भांडवल आणि ध्वनिशास्त्र जाणणारे तंत्रज्ञ लागत होते.

याच सुमारास फाळके 'सेतुबंधन' हा मूकपट काढण्यात गुंतले होते. भांडवल संपल्याने काम मध्येच रखडले. पट १९३२ मध्ये तयार होईपर्यंत प्रेक्षक बोलपटांकडे वळला होता. पुढे या मूकपटावर हिंदी संवाद चढविण्यात आले. मूकपटातील ओठांच्या हालचालीशी नंतर ध्वनिमुद्रित केलेले शब्द जुळविणे हे अत्यंत जिकिरीचे काम होते. त्याच १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट सादर केला. त्याची कथा हरिश्चंद्राचीच होती आणि तारामती झाल्या होत्या दुर्गा खोटे. ज्या कथेपासून फाळके यांनी सुरुवात केली होती, ती आता दुसऱ्यांच्या पडद्यावरून बोलत आणि गात होती.

फाळके यांनी तरीही एक शेवटचा प्रयत्न केला. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांच्या आश्रयाखालील कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी 'गंगावतरण' हा बोलपट दिग्दर्शित केला. १९३७ मध्ये तो प्रदर्शित झाला, तेव्हा त्यांचे वय ६७ होते. हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपटही ठरला. यंत्रकरामतीच्या दृश्यांत जुना जादूगार अद्याप जिवंत होता, परंतु संवाद आणि गाण्यांवर उभा असलेला बोलपट हे वेगळे शास्त्र होते आणि ते अवगत असलेली नवी पिढी पुढे निघून गेली होती.

अखेरची वर्षे

उर्वरित आयुष्य फाळके यांनी नाशिकमध्ये काढले. चित्रपट व्यवसायाच्या रौप्यमहोत्सवाच्या सुमारास शांताराम यांच्या पुढाकाराने त्यांना थैली अर्पण करण्यात आली. तिच्या आधारे नाशिकमध्ये त्यांचे छोटे घर उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मची टंचाई होती आणि चित्रपट काढण्यासाठी सरकारी परवाना आवश्यक होता. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षात असतानाही फाळके यांनी त्यासाठी अर्ज केला. तो नाकारल्याचे पत्र त्यांच्या निधनाच्या अवघे दोन दिवस आधी आल्याचे सांगितले जाते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. वृत्तपत्रांनी आणि चित्रसृष्टीनेही त्या वेळी त्यांची फारशी दखल घेतली नाही.

त्यांच्या नव्वदहून अधिक पटांपैकी आज अत्यल्प भाग शिल्लक आहे. त्या काळची नायट्रेट फिल्म सहज पेट घेई, दमट हवेत चिकट होई आणि पुढे तिची भुकटी होई. कॅमेरा निवडताना टिकाऊपणाचा विचार करणाऱ्या फाळके यांच्यासमोर फिल्मच्या बाबतीत दुसरा पर्यायच नव्हता. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथील पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांशी संपर्क साधून उरलेली रिळे मिळविली, म्हणून 'राजा हरिश्चंद्र'चा काही भाग आणि 'कालिया मर्दन'चा बराचसा भाग वाचला. उपलब्ध 'राजा हरिश्चंद्र' हा १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. २००३ मध्ये पुण्यातील गोदामाला लागलेल्या आगीत अनेक जुनी नायट्रेट रिळे भस्मसात झाली. वेळीच प्रती काढल्या गेल्याने काही पट वाचले.

ही दृश्ये आता घरच्या संगणकावर पाहता येतात. त्यांना नंतर जोडलेले संगीत टेबलावरच्या दोन छोट्या स्पीकरमधून ऐकू येते. या स्पीकरमध्येही तेच चुंबक, तीच गुंडाळी आणि तोच शंकू असतो. ते निवडताना फाळके यांची पद्धत आजही उपयोगी पडते. खोक्यावर छापलेले पीएमपीओ वॅटचे फुगवलेले आकडे दुर्लक्षून आरएमएस वॅट पाहावेत. परिचयाचा आवाज, म्हणजे एखादे गाणे किंवा तानपुरा, दुकानातच ऐकावा. आवाज वाढविल्यावर शब्द फाटतात की स्पष्ट राहतात, हे पारखावे. पोकळ प्लास्टिकच्या पेटीपेक्षा जाड लाकडी पेटी कमी थरथरते. शंकूभोवतीची कडा फोमची असल्यास दमट हवेत काही वर्षांत तिचा चुरा होतो, रबराची अधिक टिकते. बटण, वायर आणि अडॅप्टर बदलून मिळतात काय, हेही विचारून घ्यावे.

१९६९ पासून केंद्र सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देते. पहिला पुरस्कार देविका राणी यांना मिळाला. १९७१ मध्ये टपाल तिकीट निघाले. नाशिकला मुंबई-आग्रा महामार्गालगत, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी, महापालिकेने त्यांचे स्मारक उभारले आहे. त्र्यंबकेश्वर तेथून फार दूर नाही.